कपॅसिटर चार्जिंगचं प्रॅक्टिकल : या चुका टाळा

“सर, कपॅसिटर खराब आहे. सहा व्होल्टच्या वर चढतच नाही.”

आमच्या लॅबमध्ये दरवर्षी कोणीतरी हे म्हणतंच. बॅटरी ९ व्होल्टची, रेझिस्टर १०० किलोओहमचा, कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा. कपॅसिटर बदलून दिला तरी काटा सहापाशी येऊन हटून बसतो.

बिचाऱ्या कपॅसिटरचा यात काही दोष नसतो. काट्याच्या मीटरवर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘२० किलोओहम प्रति व्होल्ट’ असं छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. म्हणजे १० व्होल्टच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध २०० किलोओहम. तो कपॅसिटरला समांतर लावला की बॅटरीचे ९ व्होल्ट १०० आणि २०० मध्ये वाटले जातात आणि कपॅसिटरच्या वाट्याला सहाच येतात. टाइम कॉन्स्टंटही (रोध गुणिले कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज-डिस्चार्ज किती सावकाश होतो त्याचं माप) ४७ सेकंदांवरून ३१ वर घसरतो. डिस्चार्जच्या वेळी तेच, कारण तेव्हा चार्ज रेझिस्टरमधूनही जातो आणि मीटरमधूनही.

डिजिटल मीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे याच सर्किटमध्ये फरक एक टक्क्याचा पडतो. पण ‘वेळ भरपूर मिळावा’ म्हणून कोणी १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला, की पुन्हा तीच गंमत! व्होल्टेज ८.२ च्या आसपास अडकतं. मीटरपेक्षा रेझिस्टर निदान शंभरपट लहान ठेवा.

मीटर चांगला असूनही व्होल्टेज पूर्ण चढत नसेल, तर मग कपॅसिटरकडे बघा. वर्षभर कपाटात पडून असलेला इलेक्ट्रोलिटिक (आपला ४७० मायक्रोफॅरडवाला याच प्रकारचा) सुरुवातीला बऱ्यापैकी गळतो, म्हणजे त्याच्या आतून थोडा करंट वाहत राहतो. गळती फक्त १० मायक्रोॲम्पिअर असली तरी १०० किलोओहमवर एक व्होल्ट खाल्ला जातो. बॅटरीला जोडून काही वेळ तसाच ठेवा, गळती बरीच कमी होते. मात्र कपॅसिटरवर छापलेल्या पट्ट्याकडची तार ऋण टोकालाच हवी. उलटा जोडलेला कपॅसिटर फुगतो, कधी फुटतोही.

डिस्चार्जसाठी नुसता पॉवर सप्लाय बंद करू नका. सप्लायच्या आतही कपॅसिटर असतात, आणि चार्जला त्यातून जायला वेगळी वाट मिळते. दोन बाजूंचा स्विच वापरा: एका बाजूला बॅटरी, दुसरीकडे रेझिस्टरमधून थेट ऋण टोक.

शून्यापासून सुरू करताय ना, हेही तपासा. दोन्ही तारा क्षणभर चिकटवून सोडल्या की कपॅसिटरमध्ये थोडं व्होल्टेज आपोआप परत येतं. शंभर ओहमचा रेझिस्टर लावून दहा-पंधरा सेकंद थांबा, मीटरवर खात्री करा, मगच घड्याळ सुरू करा.

रीडिंग्ज घेताना सगळा खेळ पहिल्या मिनिटाचा. तेव्हाच आकडे भराभर पळतात आणि तेव्हाच पोरं पेन शोधत असतात. मीटरची रेंज आधीच ठरवून लॉक करा. ऑटोरेंजवर मीटर स्वतःच रेंज बदलतो आणि मधेच अडखळतो. मीटर आणि स्टॉपवॉच शेजारी ठेवून मोबाइलवर व्हिडिओ काढा, नंतर निवांत थांबवून थांबवून आकडे लिहा. हा कॉपीचा प्रकार नव्हे, मी स्वतः तसंच करायला सांगतो.

आता जर्नल. व्होल्टेज निम्मं व्हायला लागलेला वेळ म्हणजे टाइम कॉन्स्टंट, असं बरेच जण लिहून मोकळे होतात. निम्म्याला ०.६९३ पट वेळ लागतो, म्हणजे आपल्या सर्किटमध्ये साडेबत्तीस सेकंद. टाइम कॉन्स्टंट मोजायचा तो डिस्चार्जमध्ये ३७ टक्के उरेपर्यंत, चार्जिंगमध्ये ६३ टक्के भरेपर्यंत. लॉगचा आलेख काढताना चार्जिंगमध्ये थेट व्होल्टेजचा लॉग घेतलात तर सरळ रेष येणार नाही. अंतिम व्होल्टेजमधून रीडिंग वजा करून त्याचा लॉग घ्या.

इतकं करूनही उत्तर ४७ ऐवजी ५२ आलं, तर खाडाखोड करून ४७ करू नका. इलेक्ट्रोलिटिकवर छापलेल्या किमतीत वीस टक्के इकडेतिकडे चालतं. रेझिस्टर मीटरने मोजा, त्यावरून कपॅसिटरची खरी किंमत काढा आणि ती लिहा. मी अशा जर्नलला पूर्ण मार्क देतो, नेमके ४७.० आलेल्याला मात्र व्हिडिओ दाखवायला सांगतो.