उतारावरचा उन्हाळा: पाणी दुपारी झाड बघून नको, पहाटे बघून द्या

काल दुपारी तीनला मोबाईल ३९ दाखवत होता, पडवीतल्या थर्मामीटरवर ३७ होतं आणि तोच थर्मामीटर पश्चिमेकडच्या शेवटच्या पट्टीत नेऊन झाडाच्या सावलीत दहा मिनिटं टांगला तर ४० च्या पुढे. जमीन एकच, मालक एकच, चालत पाच मिनिटांचं अंतर. ज्यांचं घर-शेत डोंगराच्या उतारावर आहे त्यांना यात नवल वाटणार नाही, पण आपण सल्ला मात्र सपाट जमिनीवरचा वाचतो आणि सगळ्या पट्ट्यांना सारखंच पाणी, सारखंच आच्छादन करत बसतो. म्हणून हे लिहितेय.

आधी थर्मामीटरचं सांगते कारण बऱ्याच जणांनी तो पत्र्याखाली नाहीतर भिंतीला खिळा मारून लावलेला असतो, तो हवेचं तापमान सांगतच नाही, पत्र्याचं आणि भिंतीचं सांगतो. सावलीत, वारा खेळेल असा, जमिनीपासून साधारण छातीएवढ्या उंचीवर लावा. कमाल-किमान दोन्ही दाखवणारा मिळाला तर उत्तम, कारण उन्हाळ्यात रात्रीचा आकडा दुपारच्या आकड्याइतकाच कामाचा असतो. टोमॅटोची फुलं का गळतायत म्हणून लोक औषध शोधत बसतात. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री पण पारा २३-२४ च्या खाली उतरत नसेल तर परागीभवनच नीट होत नाही, त्यावर कुठलीही फवारणी चालत नाही. सावली करा, ओल टिकवा आणि थोडी वाट बघा, एवढंच.

आता उताराचं. उंची वाढली की हवा गार होते हे खरं, पण ते हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, म्हणजे तुमच्या शेताच्या खालच्या आणि वरच्या टोकात पन्नास मीटरचा फरक असला तरी ते पाव-अर्ध्या अंशाचं काम. त्यापेक्षा उताराचं तोंड कुठे आहे ते महत्त्वाचं. थंडीत दक्षिणेकडचा उतार गरम आणि उत्तरेकडचा गार हे सगळ्यांना माहीत असतं, पण कर्कवृत्ताच्या खालच्या भागात ऐन उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा दक्षिण-उत्तर हा फरक फार उरत नाही. जाळतो तो पश्चिम उतार. पूर्वेकडच्या उताराला ऊन सकाळी मिळतं, तेव्हा हवा अजून गार असते, जमिनीत रात्रीची ओल असते. पश्चिमेला तेच ऊन दुपारनंतर तिरपं थेट अंगावर येतं, तेव्हा हवा आधीच तापलेली आणि कोरडी झालेली. म्हणून नवीन रोपं, वाफे, रोपवाटिका काही करायचं असेल तर पूर्व बाजूला करा आणि पश्चिमेला फक्त मुरलेली जुनी झाडं ठेवा.

पश्चिम बाजूच्या लहान झाडांची खोडं पण बघा. सालीवर तांबूस कोरडा डाग, मग चीर, मग तिथूनच किडा आणि बुरशी, आणि हे सगळं नैऋत्येकडच्या अंगालाच. खोडाला चुना लावा, पांढऱ्या रंगामुळे ऊन परत फिरतं. ज्यांना बुरशीचाही त्रास आहे त्यांनी बोर्डो पेस्ट करावी, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचा, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात अजिबात नाही, मग दोन्ही एकत्र ढवळायचं. झाल्यावर लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना घाला. ही सुरीची परीक्षा आळसाने टाळू नका, मी एकदा टाळली आणि दोन रोपांची साल भाजली.

आता मुद्द्याचं, पाणी. दुपारी दोन-अडीचला वेलीची पानं खाली लोंबली की आपला जीव खालीवर होतो आणि हातात पाईप येतो. माझं पहिली दोन वर्षं असंच चाललं होतं, दुधी भोपळ्याची पानं माना टाकायची, मी धावत जाऊन पाणी द्यायची, संध्याकाळी वेल ताठ, मला वाटायचं वाचवला. खरं काय होतं की मोठ्या पानाच्या वेली दुपारी जेवढं पाणी पानातून उडतं तेवढं मुळातून वर ओढूच शकत नाहीत, मग पान लोंबवून स्वतःचं ऊन कमी करतात, आणि संध्याकाळी त्या माझ्या पाण्याशिवाय पण ताठ झाल्या असत्या. रोज वरवर पाणी मिळाल्यामुळे मुळं वरच्या चार बोटांतच राहिली. मग एकदा तीन दिवस पंप बंद पडला तर आख्खा मांडव झोपला.

तेव्हापासून मी झाड पहाटे बघते. सूर्य वर यायच्या आधी, हवा गार असताना पान लोंबलेलं असेल तर ती खरी तहान, त्या दिवशी पाणी द्यायचंच. पहाटे ताठ आणि दुपारी मलूल असेल तर हात आखडायचा. आणि खात्री करायची असेल तर छोट्या पहारीने बुंध्यापासून हातभर लांब एक वीत खोल माती काढा, मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर तुटला तर ओल पुरेशी आहे. गोळाच होत नसेल, माती बोटांतून पिठासारखी गळत असेल तर द्या पाणी, आणि दिलं तर भरपूर द्या, दोन दिवस सोडून, खोल मुरेल असं. (वालुकामय मुरमाड जमिनीत ओल असूनही गोळा नीट होत नाही, तिथे हाताला गारवा लागतो का तेवढं बघा.)

उतारावर वरची पट्टी आधी सुकते आणि खालची शेवटी, कारण पाणी आतल्या आत पण खाली सरकत असतं आणि चांगली मातीही वर्षानुवर्षं खालीच गेलेली असते. ड्रिप लावलंय म्हणून सगळीकडे सारखं जातं असं समजू नका. साधे ड्रिपर असतील तर खालच्या टोकाला दाब जास्त म्हणून पाणी जास्त पडतं, दहा मीटर उंचीच्या फरकाने दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब वाढतो. एक डबा वरच्या ड्रिपरखाली, एक खालच्या ड्रिपरखाली ठेवून अर्धा तास मोजा, डोळे उघडतील. नळ्या उताराला आडव्या, समपातळीत टाका आणि वरच्या पट्टीला वेगळा कॉक द्या.

झाडाचं आळं पण उतारावर गोल करून उपयोग नाही, वरून आलेलं पाणी खालच्या काठावरून निघून जातं. खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा बांध घाला, तोंड चढाकडे. आत आच्छादन चार बोटं ते वीतभर जाड, पालापाचोळा, वाळलेलं गवत, काहीही, फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा. वाळवी असेल तर आठवड्यातून एकदा पाला उचलून बघा, मातीच्या नळ्या दिसल्या की लगेच मोडा. आमच्याकडे एका वर्षी आच्छादनाच्या आड वाळवीने चार रोपं पोखरली आणि वरून रोपं मस्त हिरवी दिसत होती, हाताने हलवल्यावर एक उन्मळूनच आलं.

वारा. उतारावर वाऱ्याचं एक वेळापत्रक असतं, ते एकदा कळलं की खूप कामं सोपी होतात. रात्री डोंगर गार होतो आणि गार जड हवा उताराने खाली ओघळते, सकाळी ऊन चढलं की उलट, तापलेली हवा दरीतून वर चढायला लागते. चुलीचा धूर बघा, पहाटे खाली दरीकडे झुकलेला असतो आणि साधारण आठ-नऊच्या सुमाराला तो घुटमळतो, मग वर वळतो. फवारणी करायची असेल तर हा वारा उठायच्या आत उरका, नंतर औषध पानावर कमी आणि तुमच्या नाकात जास्त. गंधक तर ३२ अंशाच्या वर मारूच नका, पानं करपतात. आणि उन्हाळ्यात पानं मागून तांबूस, वर बारीक पांढरट ठिपके दिसले तर धावत औषध आणायच्या आधी पान पांढऱ्या कागदावर झटका, बारीक ठिपके चालायला लागले तर लाल कोळी आहे. कोरड्या धुळीच्या हवेत तो फोफावतो, सुरुवातीलाच पानाच्या मागच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा दोन-तीन दिवसाआड मारला की बराच आटोक्यात येतो.

हाच वर चढणारा वारा आगीचा सगळ्यात मोठा मित्र. आग उताराने वर धावते कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच भाजून कोरडं करते, चढ दहा अंशाने वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ हिशोब आहे. म्हणून घराच्या आणि गोठ्याच्या खालच्या अंगाची जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) वरच्या अंगापेक्षा रुंद ठेवायची, लोक बरोबर उलट करतात. गवत कापा, उचला, तिथेच जाळत बसू नका, आणि जाळायचंच असेल तर उन्हाळा सुरू व्हायच्या आधी. वैरणीची गंजी घराला चिकटून ठेवू नका हे शंभर वेळा सांगून झालंय.

गुरांबद्दल थोडंच. मोठ्या जनावराला कडक उन्हात दिवसाला ५०-६० लिटर पाणी लागतं, दुभत्याला त्याहून जास्त, आणि ते पाणी सावलीत ठेवलेलं हवं, तापलेलं पाणी जनावर तोंड लावून सोडून देतं. चारा पहाटे आणि रात्री. माणसांनी पण अकरा ते चार उतारावर चढउतार करू नये, कोणी घाम थांबून बरळायला लागलं तर ती चक्कर समजून बसवून ठेवू नका, अंग ओलं करा, वारा घाला आणि तडक दवाखाना.

पाखरं आणि किडे बघायची मला सवय आहे, पण त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते पण सांगते. मधमाश्या सकाळपासून पाण्यावर गर्दी करायला लागल्या की ऊन खरंच वाढलंय, त्या ते पाणी पोळं गार ठेवायला नेतात, पिल्लांसाठी आतलं तापमान ३४-३५ अंशाच्या आसपास राखावं लागतं. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा, नाहीतर बुडतात, आणि फळधारणा हवी असेल तर हे ताटलीभर पाणी स्वस्तातलं खत समजा. रातकिडे गरमीत जोरात आणि भरभर किरकिरतात, त्यावरून तापमान काढायचं सूत्र डॉल्बेअर नावाच्या माणसाने १८९७ मध्ये मांडलं होतं, पण ते अमेरिकेतल्या एका जातीच्या किड्यावर बसतं, आपण मजा म्हणून मोजावं. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस, असं सासूबाई ठामपणे म्हणायच्या. मी वहीत लिहून ठेवलं, कधी पाऊस आला, कधी नुसतंच मी त्यांच्या वारुळाशेजारी पाणी सोडलेलं होतं. चंद्राला खळं पडलं म्हणजे उंचावर बर्फाच्या कणांचे पातळ ढग आहेत, एवढंच नक्की.

ढगांवर मात्र विश्वास ठेवा. सकाळी दहा-अकरालाच कड्यावर फुलकोबीसारखे ढग उभे वाढायला लागले, त्यांच्या कडा ठसठशीत असल्या आणि दुपारपर्यंत डोकं पसरून ऐरणीसारखं झालं तर वळीव येणार, वाऱ्यासकट, कदाचित गारांसकट. वाळवण आत, शेडनेटच्या दोऱ्या घट्ट, गुरं झाडाखालून सोडवून गोठ्यात. वीज दिसल्यावर मोजायला लागा, आवाज यायला तीन सेकंद लागले तर एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की माथा, एकटं झाड, तारेचं कुंपण सगळं सोडून पक्क्या घरात जायचं आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं. अर्धवट कामासाठी परत धावणारे त्याच अर्ध्या तासात सापडतात.

आणि पहिला वळीव पडला की लगेच बी टाकू नका. १० मिमी पाऊस म्हणजे शंभर चौरस मीटर छपरावर हजार लिटर, गळती-बाष्पीभवन वजा जाता सात-आठशे लिटर तरी टाकीत येतं, पन्हळ आधीच साफ करून ठेवा आणि पहिलं धुळीचं पाणी बाहेर सोडा. पण तोच १० मिमी तापलेल्या जमिनीत जेमतेम दोन-चार बोटं उतरतो. पाऊस चालू असताना (विजा नसतील तरच) इरलं घेऊन शेतात एक फेरी मारा, पाणी कुठून धावतं, कुठे माती तांबडी होऊन वाहते तिथे काठ्या रोवा, चर आणि दगडी बांध कुठे हवेत ते कुठल्याही नकाशापेक्षा या काठ्या नीट सांगतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पहार घेऊन वरच्या पट्टीत एक आणि खालच्या पट्टीत एक असे दोन खड्डे घ्या, ओल कुठवर गेली ते बोटाने मोजा. वर दोन बोटं आणि खाली वीतभर निघाली तर पेरणी खालून सुरू करा, वरची पट्टी पुढच्या पावसापर्यंत तशीच राहू दे.