इलेक्ट्रिक गाडीला चार्जरची गन लावली, स्क्रीनवर ‘प्रिपेअरिंग’, पण चार्जिंग सुरूच होत नाही: माझा अनुभव

साताऱ्याजवळ हायवेवरच्या ६० किलोवॉटच्या डीसी (जलद) चार्जरवर तीनदा हेच झालं. सीसीएस-२ गन (केबलच्या टोकाचा, गाडीत बसवायचा प्लग) लावली की ‘प्रिपेअरिंग’, अर्ध्या मिनिटात एरर. अ‍ॅप काढून परत टाकलं, दुसरी गन लावली, हेल्पलाइनवाल्याने दुरून मशीन रीसेट केलं, उपयोग शून्य. मागे बसलेली आई ‘पेट्रोलचीच बरी होती’ म्हणत होती, ते वेगळंच.

दोष निघाला केबलच्या वजनात. गनच्या वरच्या भागात दोन बारीक पिना असतात. गन बसली की नाही हे कळणं आणि गाडी-मशीनचं बोलणं, दोन्ही त्यांच्यावर. जाड केबल गनला खाली ओढते आणि पिना नीट टेकत नाहीत.

आता असं करतो. आधी अ‍ॅपमधून सेशन बंद. गन काढून गाडी लॉक करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग गाडी उघडून, केबलचा पीळ काढून गन सरळ आत दाबायची आणि मूठ खालून तळहाताने वर उचलून धरायची. तशीच धरून दुसऱ्या हाताने अ‍ॅपमध्ये ‘स्टार्ट’. लॉकचा ‘खट्’ आवाज येऊन स्क्रीनवर किलोवॉटचा आकडा चढू लागेपर्यंत हात काढायचा नाही. नंतर सोडली तरी चालते. माझं चार्जिंग मध्येच कधी तुटलेलं नाही.