नंबर सोडा, चाळ धरा : पुसल्या गेलेल्या प्रभागाचा निवडणूक इतिहास कसा लिहावा

लालबागला आमची चाळ ज्या प्रभागात होती, तो प्रभाग २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीआधी नकाशावरून गेला. २०११ च्या जनगणनेवरून नवी रचना झाली, शहर भागातले ६३ प्रभाग ५६ वर आले आणि सात प्रभाग उपनगरांच्या वाट्याला गेले. एकूण आकडा २२७ च राहिला, त्यामुळे बाहेरच्यांना काही बदललंय असं वाटलंही नाही. आमच्याकडे मात्र रस्त्याच्या अलीकडच्या चाळी एका प्रभागात आणि पलीकडच्या दुसऱ्यात गेल्या. शिक्षिका म्हणून मी अनेक निवडणुकांना ड्युटी केली आहे. निवृत्तीनंतर ठरवलं, या प्रभागात कोण निवडून आलं, कोण पडलं, किती मतांनी, सगळं एका वहीत उतरवायचं. मला दीड वर्ष लागलं. तुमचं काम लवकर व्हावं म्हणून हे लिहितेय.

माझे पहिले दोन महिने नंबरापायी गेले. २०१२ चा निकाल आणि २०१७ चा निकाल, दोन्हीकडे एकच प्रभाग क्रमांक शोधून शेजारी शेजारी मांडले. मतांची उलथापालथ बघून चक्रावले. मग उमेदवारांचे पत्ते वाचले, तेव्हा कळलं की या दोन वेगळ्याच वस्त्या आहेत. २०१७ मध्ये एक नंबर दहिसरला होता आणि २२७ कुलाब्याला. वर मालाड-बोरिवलीकडे एक प्रभाग वाढला की खालच्या सगळ्यांचे नंबर सरकतात. आणखी एक गल्लत टाळा. एफ दक्षिण, जी उत्तर हे महापालिकेचे प्रशासकीय विभाग आहेत, २०१७ ला एकूण २४. नगरसेवक निवडून येतो तो प्रभागातून. बोलताना आपण दोन्हींना वॉर्डच म्हणतो, वहीत तसं करू नका.

तेव्हा जागा धरा. न हलणाऱ्या पाच-सहा खुणा निवडा. मी आमची चाळ, शाळा, गणपतीचं मैदान, एक गिरणीचं गेट आणि दोन नाके घेतले. प्रत्येक निवडणुकीत यातली कुठली खूण कुठल्या प्रभागात होती, एवढंच आधी भरा. त्यासाठी प्रभागांच्या हद्दींची अधिसूचना लागते. ती वाचायला कंटाळवाणी, पण सगळं मर्म तिच्यातच. अमुक रस्ता आणि तमुक रस्ता मिळतात त्या नाक्यापासून निघून रस्त्याच्या मध्यरेषेने दक्षिणेकडे, तिथून पूर्वेकडे वळून रेल्वेपर्यंत, अशी ती चालत जाते. ‘मध्यरेषा’ या शब्दावर बोट ठेवा. रस्त्याच्या मधोमध हद्द म्हणजे समोरासमोरच्या दोन इमारतींचे नगरसेवक वेगळे. मी ती अधिसूचना हातात घेऊन सकाळी सात वाजता, गर्दी नसताना, हद्द पायी फिरले. जुनी रस्त्यांची नावं बदललेली असतात, तिथे पानवाला किंवा पोस्टमन नकाशापेक्षा जास्त सांगतो. मतदार यादीही कामाची. पालिकेची यादी विधानसभेच्या यादीतूनच फोडून केलेली असते, त्यामुळे यादी भाग क्रमांक जुळवला की आपली इमारत सापडते.

सावध राहा ते २०२२ च्या नकाशांपासून. तेव्हा २३६ प्रभागांची रचना झाली होती, आरक्षणाची सोडतही निघाली होती, पण ऑगस्टमध्ये आकडा पुन्हा २२७ केला गेला. त्या २३६ वर निवडणूक झालीच नाही. ते नकाशे अजून फिरताहेत.

मग निवडणुकांची वर्षं. १९६८, १९७३, १९७८, १९८५, १९९२, १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७ आणि १५ जानेवारी २०२६. जागा आधी १४०, १९८५ ला १७०, १९९२ ला २२१, २००२ पासून २२७. म्हणजे १९७८ चा प्रभाग आणि १९९२ चा प्रभाग यांचा आकारच जुळणार नाही. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं महापालिकेवर प्रशासक होता. ती ओळ गाळू नका. नगरसेवकाच्या रकान्यात ‘प्रशासक’ लिहा.

राज्य निवडणूक आयोग १९९४ चा. त्याआधीचे निकाल वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत बघावे लागतात. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी चौकशी करा. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवसाचाच अंक बघून थांबू नका, आणखी दोन दिवसांचे अंक चाळा, दुरुस्त्या तिथे असतात. कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. ‘प्रभागाचा सर्व इतिहास द्यावा’ असं मी लिहिलं आणि एका कार्यालयाने ते परत पाठवलं. वर्ष, हद्द आणि हवा तो तक्ता नेमका मागितला तेव्हा मिळाला.

प्रत्येक निकालापुढे आरक्षणाचा रकाना हवाच. २०१२ पासून निम्म्या जागा महिलांच्या. चांगलं काम केलेल्या नगरसेवकाचा प्रभाग सोडतीत महिला राखीव होतो आणि तो उभाच राहू शकत नाही. रकाना नसेल तर वाचणाऱ्याला वाटतं, लोकांनी त्याला नाकारलं. तो अन्याय आहे आणि तो आपल्या वहीकडून होता कामा नये. ‘नोटा’चंही (वरीलपैकी एकही नाही) तसंच. ते २०१३ ला आलं, म्हणून २०१२ च्या तक्त्यात त्याची ओळ नसणारच.

निकालाच्या दिवशीचा पक्ष आणि नंतरचा पक्ष वेगळे लिहा. २०१७ ला मनसेचे सात नगरसेवक आले, त्याच ऑक्टोबरात सहा शिवसेनेत गेले. त्याच महिन्यात भांडुपच्या ११६ मध्ये काँग्रेसच्या नगरसेविकेच्या निधनामुळे पोटनिवडणूक झाली आणि भाजपची उमेदवार आली. पाच वर्षांसाठी एकच नाव लिहिलं तर हे सगळं बुडतं. आणि मतांचा फरक लिहायला कधीही चुकू नका. गिरगावातल्या २२० मध्ये २०१७ ला भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला, शाह निवडून आले. नुसतं ‘भाजप विजयी’ लिहून त्या प्रभागाबद्दल काय कळणार?

वहीचं डावं पान आकड्यांना द्या आणि उजवं कोरं ठेवा. मग जुन्या लोकांकडे जा. त्यांना वर्ष विचारू नका, सांगता येत नाही. आमच्या तिसऱ्या माळ्यावरच्या आजोबांना मी १९८५ म्हटलं तर ते नुसते बघत राहिले. ‘गिरणी संपानंतरची पहिली पालिका निवडणूक’ म्हटल्यावर खुर्चीत नीट बसले. कुठल्या खोलीत पेटीवर फळी मांडून मतदारांच्या स्लिपा लिहिल्या, कुणाची रात्रपाळी कायमची बंद झाली होती म्हणून तो दिवसभर बूथवर बसला, सगळं सांगितलं. ते मी उजव्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहिलं, खाली तारीख घातली आणि त्यांची सही घेतली.