‘झीरो ट्रस्ट’ बिलावर येत नाही: छोट्या कारखान्यांनी या चुका टाळा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचं नेटवर्क सांभाळणं हा माझा धंदा. अलीकडे शेठलोकांच्या तोंडी एक शब्द फार येतो: झीरो ट्रस्ट. कारण सोपं आहे, मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिट फॉर्मवर तसा रकाना असतो. मग कुणीतरी नवा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या गेटवरचा पहारेकरी, विकून जातो, बिलावर तेच दोन शब्द छापलेले असतात, आणि रकान्यात ‘होय’ लिहिलं जातं.

पहिली चूक हीच. 2010 मध्ये फॉरेस्टर या संशोधन कंपनीतल्या जॉन किंडरवॅग यांनी मांडलेला हा विचार आहे, खोक्यात मिळणारी वस्तू नाही. आतला आहे म्हणून कुणावर विश्वास ठेवायचा नाही; कोण आलंय, कोणत्या मशीनवरून आलंय, त्याला काय हवंय, हे प्रत्येक दारावर विचारायचं. आपल्याकडे वॉचमन गेटवर वही पुढे करतो आणि एकदा सही झाली की माणूस स्टोअरपासून केबिनपर्यंत कुठेही फिरतो. नेटवर्कचंही तेच.

त्याची किंमत काय, ते जून 2017 मध्ये न्हावा शेवाला दिसलं. नॉटपेट्या हे कॉम्प्युटर बिघडवणारं मालवेअर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलं, मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेत जगभर पसरलं आणि तिथल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं. एका कॉम्प्युटरच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि त्यानेच शेजारचा कॉम्प्युटर उघडायचा, ही त्याची एक पद्धत. आता आपल्या ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा अ‍ॅडमिन पासवर्ड एकच आहे का, ते आठवा. प्रत्येकाचा वेगळा ठेवा आणि रोजच्या कामाला अ‍ॅडमिन खातं वापरूच नका.

सगळ्यात जास्त घोळ टू-स्टेपमध्ये, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीही मागणाऱ्या लॉगिनमध्ये, होतो. एका ठिकाणी आम्ही सोमवारी ते चालू केलं. मंगळवारी अकरा वाजता अकाउंट्सच्या मॅडमचा फोन: “सर, स्कॅनरवरून मेल जात नाहीये, पार्टी चलनासाठी थांबलीय.” बरोबरच होतं, स्कॅनर ओटीपी कुठून टाकणार? संध्याकाळपर्यंत शेठनी सगळ्यांचंच टू-स्टेप बंद करायला लावलं. एका स्कॅनरपायी चौदा माणसांची कुलपं निघाली. इलाज असा: स्कॅनरसाठी वेगळं मेल खातं काढा आणि फक्त त्याला अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे ओटीपीशिवाय चालणारा वेगळा पासवर्ड, द्या. गूगलमध्ये तो 16 अक्षरांचा मिळतो. मॅडमच्या खात्याचा अ‍ॅप पासवर्ड स्कॅनरमध्ये टाकू नका, तो फुटला तर त्यांची सगळी मेल उघडी. नाहीतर मेलची भानगडच सोडा, स्कॅन थेट फोल्डरमध्ये जाऊ द्या.

याचाच भाऊ म्हणजे सगळे ओटीपी शेठच्या मोबाइलवर. शेठ लग्नाला गेले की ओटीपी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो! प्रत्येकाच्या फोनवर ओटीपी तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप घाला, आणि फोन हरवला तर लागणारे रिकव्हरी कोड छापून तिजोरीत ठेवा.

नेटवर्कचे भाग पाडताना वेगळीच गंमत. सीसीटीव्ही, शॉप फ्लोअर आणि अकाउंट्स यांचे व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे, पाडले जातात, दुसऱ्या दिवशी टॅली उघडत नाही, आणि घाईत कुणीतरी ‘सगळ्यांना सगळीकडे परवानगी’ असा नियम टाकून मोकळा होतो. भिंत बांधून तिलाच भगदाड. त्याऐवजी टॅली उघडायचा प्रयत्न करत असतानाच फायरवॉलचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, बघा, काय अडलंय ते तिथे दिसतं. डेटा शेअर्ड फोल्डरवर असेल तर बहुतेक वेळा पोर्ट 445, म्हणजे फोल्डर शेअरिंगचा दरवाजा, अडलेला असतो. तो फक्त अकाउंट्सच्या मशीनांकडून टॅलीच्या मशीनपर्यंत उघडा. प्रिंटर रुसला असेल तर आधी पोर्ट 9100 तपासा.

जुनी सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी, मशीनं हे खरं दुखणं आहे. एसएमबी-1, म्हणजे विंडोजची फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत, बंद केलं की काही जुन्या कंट्रोलरांना प्रोग्रॅमचा फोल्डर दिसेनासा होतो. पण मे 2017 चं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर त्याच वाटेने पसरलं होतं, तेव्हा ते सगळीकडे परत चालू करणं म्हणजे आगीशी खेळ. मशीन आणि एक जुना कॉम्प्युटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये कोंडा, एसएमबी-1 फक्त तिथे ठेवा आणि त्या भागाचं इंटरनेट तोडा. कंट्रोलर बदलायला लाखो रुपये लागतात. ते बदला असं मी शेठना सांगत नाही.

सोडून गेलेल्यांची खाती शेवटच्या दिवशीच बंद करा, याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

रिमोट सपोर्टकडे मात्र कुणी बघत नाही. मशीनच्या सर्व्हिसवाल्याने एनीडेस्क, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम, टाकलं, कायमचा पासवर्ड लावला आणि तो गेला. एका कारखान्यात असा पासवर्ड तीन वर्षं तसाच होता. लावणारा इंजिनिअर केव्हाच नोकरी सोडून गेला होता. समोरून परवानगी दिल्याशिवाय जोडणी होणार नाही अशी सेटिंग करा, काम झालं की प्रोग्रॅम बंद. आणि कोण केव्हा आत आलं त्याच्या नोंदी जपा: सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार लॉग 180 दिवस ठेवायचे असतात, आणि ठरलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते. साध्या राउटरमध्ये जुने लॉग पुसूनच नवे लिहिले जातात, म्हणून ते रोज दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय आजच करून घ्या.