जुनी पेट्रोल गाडी घेताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत आहे का, हे असे तपासावे

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या महाग धातूंच्या मोहाने कन्व्हर्टर काढून साधा पाइप जोडलेल्या, किंवा वरचे कवच तसेच ठेवून आतून पोकळ केलेल्या गाड्या विकायला येतात. नुसते खाली वाकून पाहिल्याने दुसरा प्रकार कळत नाही.

१. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागला पाहिजे. तो लागतच नसेल, तर मुद्दाम बंद केल्याचा संशय घ्यावा.

२. गाडी चांगली तापेपर्यंत चालवून, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती आणि बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) जोडून, इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवावे आणि कन्व्हर्टरमागच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज पाहावे. ते ०.६ ते ०.८ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहिले तर ठीक, ०.१ ते ०.९ असे सतत खालीवर होत असेल, तर कन्व्हर्टर काढलेला किंवा निकामी असण्याची दाट शक्यता आहे. पी०४२० हा बिघाडाचा कोड बहुधा याच कारणाने येतो.

३. गाडी स्वतःच घेत असलेली कॅटॅलिस्टची (म्हणजे कन्व्हर्टरची) चाचणी स्कॅनरवर ‘अपूर्ण’ दिसल्यास कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. पीयूसी प्रमाणपत्र दाखवले, एवढ्यावर समाधान मानू नये.

मात्र सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरजवळ गळती असली, तरी व्होल्टेज असेच हलते. म्हणून सौदा मोडण्यापूर्वी, पाइप पूर्ण थंड झाल्यावर, मेकॅनिककडून जोड तपासून घ्यावेत.