फौजदारी खटल्यात आणि अपिलात या चुका टाळा

म्हापशाच्या किंवा मडगावच्या कोर्टात शिक्षा झाली की माणसं फाइल घेऊन थेट पर्वरीचं हायकोर्ट गाठतात. हायकोर्टात सगळं नव्याने सांगता येईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे. खाली जे नोंदवलं गेलं, त्याच कागदांवर वर वाद होतो. जो मुद्दा खाली कागदावर आला नाही, तो वर कितीही पोटतिडकीने मांडला तरी उपयोग होत नाही. खालच्या कोर्टात ‘वर बघू’ म्हणणाऱ्या वकिलापासून अशिलाने दूर राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक उलटतपासणीत होते. साक्षीदार कोर्टात एक सांगतो, पोलिसांच्या जबाबात दुसरंच असतं किंवा ती गोष्टच नसते. आरोपीच्या हातात यापेक्षा मोठं शस्त्र क्वचित येतं, आणि तेच अर्धवट वापरून सोडलं जातं.

बार्देशातल्या एका गावचं प्रकरण माझ्याकडे अपिलासाठी आलं होतं. दोन घरांमधल्या गडग्यावरून मारामारी, एकाच्या खांद्यावर खोल जखम, आणि प्रत्यक्षदर्शी म्हणून शेजारचा एकच माणूस. कोर्टात तो म्हणाला, आरोपीच्या हातात कोयता होता. पोलिसांना दिलेल्या जबाबात कोयत्याचा उल्लेखच नव्हता, नुसती झटापट. वकिलाने विचारलं, ‘पोलिसांना कोयत्याचं सांगितलं नव्हतं ना?’ साक्षीदार म्हणाला, ‘सांगिल्लें.’ वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले. पुढे तपास अधिकारी पिंजऱ्यात आला तेव्हा त्याला पंचनाम्याची वेळ विचारली, जागेचा नकाशा विचारला. या साक्षीदाराच्या जबाबाबद्दल एक अक्षर नाही.

हायकोर्टात तो जबाब माझ्या समोर उघडा होता आणि मला त्यावर बोट ठेवता येत नव्हतं. पोलिसांनी घेतलेला जबाब हा आपोआप पुरावा होत नाही. आधी साक्षीदाराला त्यातला नेमका भाग दाखवावा लागतो. गोष्ट जबाबात नसेलच, तर ‘हे तू पोलिसांना सांगितलं नाहीस’ असं स्पष्ट विचारावं लागतं. त्याने नाकारलं, तर तपास अधिकाऱ्याकडून वदवून घ्यावं लागतं की साक्षीदाराने त्याला हे सांगितलं नव्हतं. हा दुसरा टप्पाच झाला नव्हता. तपास अधिकाऱ्याला पुन्हा बोलावण्याचा अर्जही टिकला नाही. संधी होती तेव्हा वापरली नाही, हेच कारण. शिक्षा कायम राहिली.

जबाब असा वापरण्याचे नियम सुप्रीम कोर्टाने तहसीलदार सिंग खटल्यात १९५९ साली स्पष्ट केले. तेव्हापासून हे नियम बदललेले नाहीत. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोलीस जबाबाचं कलम १६२ आता नागरिक सुरक्षा संहितेत १८१ झालं, पण काम तेच. मी प्रत्येक साक्षीदाराच्या उलटतपासणीनंतर त्याच संध्याकाळी तपास अधिकाऱ्याला विचारायच्या ओळी वेगळ्या कागदावर उतरवून फाइलच्या वरच टाचतो. नवे वकील मोबाइलवर निकाल शोधण्यात रात्र घालवतात आणि हा एक कागद करत नाहीत, याचा मला राग येतो.

साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो, नोंद इंग्रजीत होते. साक्ष संपल्यावर ती वाचून घ्या आणि चूक असेल तर तिथेच नोंद करायला लावा. घाई करणाऱ्यांना जेवणाची सुट्टी महत्त्वाची वाटते.

दुसरा माझ्या डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे अमली पदार्थांच्या खटल्यांत उठसूट त्या कायद्याचं झडतीबाबतचं कलम ५० पुढे करणं. हणजुणे, शापोरा भागातलं प्रकरण असो वा कुठलंही, पहिला मुद्दा ठरलेला: राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला नाही. हा हक्क सांगणं सक्तीचं आहे, २०१० साली घटनापीठानेच तसं ठरवलं. पण तो अंगझडतीपुरता. माल बॅगेत सापडला तर कलम ५० लागू होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने पवन कुमार प्रकरणात २००५ सालीच सांगितलंय. स्कूटरच्या डिकीतल्या चरससाठी तासभर कलम ५० वर बोलणारे वकील मी पाहिलेत. तोवर खरे प्रश्न बाजूला पडतात: मिळालेली माहिती लिहून घेऊन ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवली का, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, सीलचा ठसा कुणाकडे होता, मुद्देमालाच्या नोंदवहीत आणि प्रयोगशाळेच्या पत्रात वजन जुळतं का. मी सर्वांत आधी ही दोन वजनं शेजारी ठेवतो. मात्र मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढण्याचं कलम ५२अ पाळलं नाही, एवढ्यावरच सुटका मागू नका. तेवढ्याने खटला कोसळत नाही, हे २०२५ च्या निकालाने स्पष्ट झालंय.

‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’ हा सल्ला तर बंदच व्हायला हवा. बोटीवर नोकरीला जाणारी मुलं अपघाताच्या खटल्यात असं कबूल करतात आणि पोलीस दाखला मागायला गेल्यावर रडत येतात. कबुलीवर शिक्षा झाली की अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच चालतं. दोषी ठरवण्याला आव्हान देता येत नाही.

पुराव्यानंतर आरोपीला प्रश्न विचारले जातात, तेव्हा प्रत्येकाला ‘खोटं आहे’ म्हणून बसू नका. लेखी निवेदन देता येतं, द्या.

सेशन्स म्हणजे सत्र न्यायालयाच्या खटल्यात दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा अर्ज, केस सेशन्सकडे वर्ग झाल्यापासून साठ दिवसांत करायचा असतो. मुदत नव्हती तेव्हाच्या जुन्या सवयीने थांबू नका.

कोठडीतल्या आरोपीविरुद्ध, गुन्ह्यानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क आहे, पण अर्ज दोषारोपपत्राआधी दाखल हवा. व्यापारी प्रमाणातल्या अमली पदार्थांना ही मुदत १८० दिवसांची.

अपिलाची मुदत मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सेशन्समध्ये तीस दिवस, सेशन्सच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात साठ. प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते. कोलवाळच्या तुरुंगातला माणूस तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो. कोठडीतल्या प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करावा.