स्कॉलरशिपच्या निकालाची वाट बघताय? या चुका टाळा

परदेशी शिक्षणाच्या स्कॉलरशिपचा अर्ज भरताना बहुतेक जण डोळ्यांत तेल घालून काम करतात. एकदा मुलाखत झाली की हीच मंडळी ढिली पडतात. पोर्टलवर ‘अंडर रिव्ह्यू’ दिसत असतं आणि आता आपल्या हातात काही नाही असं वाटत राहतं. अर्ज आता बदलता येत नाही, हे खरं. पण होत आलेलं काम या काळात बिघडवता नक्की येतं.

शांततेचे अर्थ काढत बसणं

मेल आला नाही म्हणजे नकार, हा सगळ्यात मोठा गैरसमज. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपचंच वेळापत्रक बघा. अर्ज ऑक्टोबरच्या आसपास बंद होतात, मुलाखती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल चालतात आणि निकाल जूनपासून कळू लागतात. मधल्या महिन्यांत काहीच कळत नाही, कारण कळवण्यासारखं काही झालेलंच नसतं. अमेरिकेच्या फुलब्राइट स्कॉलरशिपची निवडप्रक्रिया देशागणिक वेगळी चालते. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या कुणाला मेल आला, यावरून तुमच्या अर्जाचं काय झालं ते कळत नाही.

उलटी चूक त्याहून महाग पडते: अर्धा निकाल पूर्ण समजणं. जपान सरकारच्या मेक्स्ट स्कॉलरशिपमध्ये दूतावासाची फेरी पार झाली की अभिनंदनाचे फोन सुरू होतात. प्रत्यक्षात त्यानंतर विद्यापीठाकडून तात्पुरत्या स्वीकृतीचं पत्र मिळवायचं असतं आणि अंतिम निवड टोकियोतलं मंत्रालय करतं. नोकरीचा राजीनामा आणि घर सोडण्याची नोटीस या गोष्टी अंतिम पत्र हातात पडेपर्यंत थांबवा. पत्रात ‘सशर्त निवड’ असा शब्द असेल, तर त्या अटी पूर्ण होईपर्यंतही थांबा.

ॲडमिशन आणि स्कॉलरशिप एकच समजणं

माझ्या मते सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. पैसे देणारी संस्था वेगळी, प्रवेश देणारं विद्यापीठ वेगळं, आणि दोघांच्या मुदती एकमेकींशी जुळतीलच असं नाही. चेव्हनिंगला निवड झाल्यावरही जुलैतल्या ठरलेल्या तारखेपर्यंत विद्यापीठाची बिनशर्त ऑफर, म्हणजे कुठलीही अट बाकी नसलेला प्रवेश, दाखवावी लागते. ‘आधी स्कॉलरशिपचं कळू दे, मग विद्यापीठांत अर्ज करू’ असं म्हणणारे तिथे अडकतात. ज्यांच्याकडे सशर्त ऑफर आहे, त्यांनी राहिलेली अट, मग ती भाषेची परीक्षा असो वा शेवटची गुणपत्रिका, वाट बघण्याच्या काळातच निकालात काढावी.

दुसरी अडचण डिपॉझिटची, म्हणजे जागा राखण्यासाठी आगाऊ भरायच्या रकमेची. विद्यापीठ म्हणतं अमुक तारखेपर्यंत पैसे भरा, आणि स्कॉलरशिपचा निकाल त्यानंतर आहे. गप्प बसून तारीख जाऊ देऊ नका, घाबरून पैसेही भरू नका. प्रवेश कार्यालयाला मेल करा: कोणत्या स्कॉलरशिपचा निकाल कधी अपेक्षित आहे ते लिहा आणि मुदत वाढवून मागा. ती वाढवून मिळत नसेल, तर निधी न मिळाल्यास डिपॉझिट परत मिळतं का, हे लेखी विचारा. अशा विनंत्या विद्यापीठांना नवीन नसतात. फोनवर मिळालेल्या ‘हो’ वर मात्र विसंबू नका.

अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठच आर्थिक मदत देत असेल, तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. कुणी घाई करत असेल, तर ते विद्यापीठ हा ठराव मान्य करणाऱ्यांच्या यादीत आहे का ते तपासा.

मेलकडे अर्धवट लक्ष

स्पॅम फोल्डर उघडून बघा. जीमेल तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप काढून टाकतं. अर्जात कॉलेजचा किंवा ऑफिसचा पत्ता दिला असेल आणि तो बंद होणार असेल, तर आजच कळवून बदलून घ्या. मुदतीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाने दिली आहे, तेही बघून ठेवा. शिफारसपत्र देणाऱ्यांनाही सांगा, कारण काही ठिकाणी त्यांना पत्र भरण्याची लिंक मुलाखतीच्या टप्प्यावर पाठवली जाते आणि तो मेल नेमका त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतो.

चौकशी कधी करायची? जाहीर केलेली तारीख उलटून आठवडा गेला की. विषयात अर्ज क्रमांक, मजकुरात एकच प्रश्न. आईवडिलांना फोन करायला लावू नका; अर्जदाराची माहिती बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कुणाला देतच नाहीत.

‘स्कॉलरशिप मंजूर झाली, रक्कम सोडवण्यासाठी आधी फी भरा’ असा मेल आला तर तो फसवणुकीचा आहे असं धरून चाला.

कागद निकालानंतर करू

पासपोर्टची मुदत, सगळीकडे सारखं नाव, सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाकडून मिळणारा सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) ही कामं निकालासाठी थांबत नाहीत. आयईएल्टीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं चालतात, त्यामुळे कोर्स पुढच्या वर्षावर गेला तर ते बाद होऊ शकतात.

पैशांच्या पुराव्याचं गणित आधीच मांडा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ज्यांना हा पुरावा द्यावा लागतो, त्यांच्या खात्यात ठरलेली रक्कम सलग २८ दिवस असावी लागते. सरकारी किंवा मान्यताप्राप्त पुरस्कर्त्याने पूर्ण खर्च उचलला तर त्यांचं पत्र पुरतं. स्कॉलरशिप अर्धीच असेल तर उरलेली रक्कम तुम्हालाच दाखवायची असते. निकालानंतर पैशांची जुळवाजुळव सुरू केली, तर जवळजवळ महिना तिथेच जातो. मात्र सगळंच लवकर उरकू नका. क्षयरोग तपासणीचा दाखला लागत असेल, तर तो सहा महिनेच चालतो.

अटीही याच काळात वाचा. चेव्हनिंगमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. होकार द्यायला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत घरच्यांशी पहिल्यांदा हा विषय काढणं जड जातं.

राखीव यादी म्हणजे नकार समजणं

युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडससारख्या कार्यक्रमांत मुख्य यादीबरोबर राखीव यादीही असते, आणि ती खरोखर हलते. मुख्य यादीतले काही जण दुसरीकडे जातात, तेव्हा जागा खाली सरकत येतात. ‘मला अजून रस आहे’ असं कळवा, आपला क्रमांक विचारा. काही ठिकाणी सांगतात, काही ठिकाणी नाही. मग व्हिसाला लागणारे आठवडे कोर्सच्या सुरुवातीपासून उलटे मोजा आणि स्वतःची शेवटची तारीख ठरवा. त्यानंतर प्रवेश पुढे ढकलण्याची विनंती करता येते, फक्त स्कॉलरशिपही त्याच्यासोबत पुढे जाईल असं गृहीत धरू नका.

आणि दोन स्कॉलरशिप मिळाल्या, तर दोन्ही धरून ठेवू नका. बहुतेक मोठ्या योजनांना ते चालत नाही. नको असलेल्या ठिकाणी दोन ओळींचा नकार त्याच आठवड्यात पाठवा, म्हणजे राखीव यादीतल्या पुढच्या उमेदवाराला व्हिसा काढायला पुरेसा वेळ मिळेल.